ग्लॅडिस वेस्ट, स्टेशनचा पिवळा फलक आणि साठ-सत्तर मीटरचा फरक

प्रकरण अभ्यास : सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेचं गणित प्रदर्शन (शाळा, गाव आणि व्यक्ती यांची नावं दिलेली नाहीत)

पार्श्वभूमी

पुणे–मिरज रेल्वेमार्गावरच्या एका गावातली ही शाळा. २२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिवस आणि ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत इथे मुलं एक छोटं प्रदर्शन उभं करतात. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं, त्यामुळे ३ जानेवारीला पालकही मोठ्या संख्येने येतात. त्या वर्षी नववीच्या वर्गाने विषय घेतला होता तो रस्ता दाखवणाऱ्या गणिताचा आणि ते गणित करणाऱ्या स्त्रियांचा. निवड चांगली होती. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यापासून लग्नाचं कार्यालय शोधणाऱ्या पाहुण्यांपर्यंत प्रत्येकाच्या हातात आज नकाशा आहे, पण त्यामागे कोणाची आकडेमोड आहे हे सहसा कोणी विचारत नाही.

गणिताच्या मॅडमनी मुलांना माहिती गोळा करायला सांगितली. ती आली मुख्यतः मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून. त्यातून सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स छापून घेतला गेला. चार चित्रं आणि प्रत्येकाखाली एक ओळ:

ग्लॅडिस वेस्ट : जीपीएसचा शोध लावणारी स्त्री.
हेडी लमार : जिच्यामुळे जीपीएस आणि वायफाय शक्य झालं ती अभिनेत्री.
मेरी एडवर्ड्‌स : नवऱ्याच्या नावावर आकाशाचं पंचांग लिहिणारी.
आयरीन फिशर : नासाला पृथ्वीचा आकार सांगणारी.

यातली एकही ओळ निखालस खोटी नाही आणि एकही जशीच्या तशी खरी नाही. सगळं प्रकरण घडलं ते यामुळेच.

अडचण

प्रदर्शनाला दहा-बारा दिवस असताना गावातले एक निवृत्त भूमापक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, शाळेत काही कामासाठी आले होते. व्हरांड्यात टांगलेला फ्लेक्स त्यांनी वाचला आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, “सर, जीपीएस एका माणसानं शोधलं असं कुठंच नाही. बाई असो नाहीतर बुवा.” त्यांचा सूर चेष्टेचा नव्हता. साखळी आणि थिओडोलाइट घेऊन जमिनी मोजण्यात आयुष्य गेल्यामुळे मापन हे कधीच एकट्याचं काम नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते बरोबरच होते. जीपीएसचा संयुक्त कार्यक्रम १९७३ मध्ये ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. त्याआधी अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉजर ईस्टन यांचं उपग्रहावरच्या घड्याळांचं काम झालेलं होतं, आयव्हन गेटिंग यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केलेला होता. त्याच्याही आधी ट्रान्झिट ही नौदलाची उपग्रह यंत्रणा १९६० च्या दशकातच जहाजांना ठिकाण सांगत होती. जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला, आणि यंत्रणा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं ते १९९५ मध्ये. इतक्या लांबच्या कामावर एकच नाव लिहिणं चूकच.

मुख्याध्यापकांना काळजी होती ती ३ जानेवारीला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणी हेच बोलून दाखवलं तर काय, याची. मॅडमची काळजी वेगळी होती, आणि आमच्या मते जास्त खोल होती. ‘शोध लावला’ हे वाक्य सर्वांसमोर पडलं की ऐकणाऱ्याच्या मनात राहील ते एवढंच, की बाईने काही केलंच नव्हतं. फुगवलेलं श्रेय कोसळतं तेव्हा खालचं खरं श्रेयही त्याच्यासोबत गाडलं जातं. नववीच्या मुलींना ते बघावं लागू नये, असं त्यांना वाटत होतं.

पर्याय

मुख्याध्यापक, मॅडम, विज्ञानाचे सर आणि तात्या असे चौघे बसले. सर्वांत सोपा मार्ग फ्लेक्स काढून टाकण्याचा होता. वेळ कमी होता, वाद मिटला असता. पण मुलांनी दोन आठवडे राबून केलेलं काम कारण न सांगता गुंडाळायचं, आणि तेही सावित्रीबाईंच्या जयंतीला, हे कोणालाच पटेना.

दुसरा मार्ग फ्लेक्स तसाच ठेवण्याचा. “प्रेरणा मिळते ना मुलींना, मग एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं?” हे मत विज्ञानाच्या सरांनी मांडलं. सगळीकडे हेच छापलं जातं, हेही त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यावर तात्यांनी एवढंच विचारलं, की मोजणीच्या नकाशावर हद्द एक मीटर इकडेतिकडे झालेली चालेल का.

तिसरी सूचना विषयच बदलायची, भारतीय स्त्री शास्त्रज्ञांची माहिती लावायची. ती सुरक्षित होती, पण नकाशाचं गणित त्यातून हरवलं असतं आणि मुलांनी विचारलेला मूळ प्रश्न तसाच राहिला असता.

चौथा पर्याय मॅडमचा. फलक नव्याने लिहायचा. प्रत्येक नावासमोर मोठेपणाची पदवी न लावता काम लिहायचं: कोणती आकडेमोड, कुठे, कोणत्या वर्षांत, आणि ती चुकली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं. ज्या नावाबद्दल या चारांपैकी एकाचंही उत्तर मिळणार नाही ते नाव उतरवायचं. आणि यातलं एक तरी काम मुलांनी स्वतः मोजून बघायचं. हाच पर्याय ठरला. नवा फ्लेक्स छापायचा नाही, कार्डशीटवर हाताने लिहायचं, म्हणजे शेवटच्या दिवशीही एखादी ओळ बदलता येईल, हा छोटा निर्णयही त्याच बैठकीत झाला. पुढे तो फार उपयोगी पडला.

नावं आणि त्यांचं काम

मेरी एडवर्ड्‌सपासून सुरुवात झाली, कारण तिचं काम मुलांना लगेच कळलं. इंग्लंडचं नाविक पंचांग १७६७ सालापासून निघू लागलं. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी खलाशी चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं कोनीय अंतर मोजायचे आणि पंचांगातल्या आकड्याशी ताडून पाहायचे. ते आकडे घरोघरी बसलेले गणक काढायचे. एकाच महिन्याचं गणित दोघांनी स्वतंत्रपणे करायचं आणि तिसऱ्याने दोन्ही ताडायचं, अशी पद्धत होती. लडलो गावातल्या जॉन एडवर्ड्‌स या धर्मोपदेशकाच्या नावावर हे काम होतं, पण आकडेमोड त्याची पत्नी मेरी करत होती. १७८४ मध्ये तो वारल्यावर तिने काम आपल्या नावावर मागून घेतलं आणि मरेपर्यंत केलं. तिच्यानंतर मुलगी एलायझा १८३२ पर्यंत तेच काम करत होती. मग गणना लंडनच्या सरकारी कचेरीत गेली आणि तिथे स्त्रियांना जागा नव्हती.

चूक झाली असती तर? चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. म्हणजे चंद्राच्या अंतरात एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक ही वेळेत सुमारे दोन मिनिटांची, आणि दोन मिनिटं म्हणजे रेखांशात अर्धा अंश. विषुववृत्ताजवळ हे अंतर ५५ किलोमीटर होतं. हे गणित मुलांनीच केलं. फलकावर मूळ ओळीऐवजी तेच आलं.

आयरीन फिशर (१९०७–२००९) मूळच्या व्हिएन्नाच्या. अमेरिकेत १९५२ ते १९७७ त्यांनी लष्कराच्या नकाशा विभागात भूमापनशास्त्राचं काम केलं. वेगवेगळ्या देशांच्या सर्वेक्षणांचे आकडे जुळवून पृथ्वीचा आकार आणि चपटेपणा त्यांनी नव्याने काढला. १९६० च्या सुमाराचा त्यांच्या नावाचा लंबगोल (पृथ्वीचं गुळगुळीत, थोडं चपटं गणिती रूप) अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळमोहिमेसाठी वापरला गेला. ‘नासाला पृथ्वीचा आकार सांगणारी’ या ओळीत त्यांचं मूळ काम दिसत नव्हतं. प्रत्येक देशाने आपापल्या सोयीचा पाया धरून नकाशे काढलेले असताना ते एका पायावर आणणं, ही त्यांची खरी कामगिरी.

हेडी लमारवर सर्वांत जास्त वाद झाला. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये मिळवलेलं पेटंट खरं आहे. पाणतीराला (टॉर्पेडोला) दिलेला रेडिओ संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून ८८ कंप्रतांवर ठरलेल्या क्रमाने उड्या मारत पाठवायचा, अशी ती कल्पना होती. जीपीएसची रीत वेगळी आहे. सगळे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ या एकाच कंप्रतेवर बोलतात, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या सांकेतिक मालिकेवरून मोबाइल त्यांना वेगळं ओळखतो. संदेश विस्तृत पट्ट्यात पसरवायचा, इतकंच दोन्हींत समान आहे. एका मुलीने हट्टाने विचारलं, “मॅडम, पेटंट तर आहे, मग का काढायचं?” उत्तर असं ठरलं की लमार गणिती नव्हती आणि तिच्या कल्पनेवर जीपीएस चालत नाही, त्यामुळे या भिंतीवर ती बसत नाही. पण नाव गुपचूप न वगळता ‘का काढलं’ हे एका वेगळ्या कार्डावर लिहायचं. हा निर्णय आम्हांला पटतो. त्या मुलीला तो पूर्ण पटला नाही, आणि कार्ड तिनेच लिहिलं.

आता ग्लॅडिस वेस्ट. जन्म १९३०, व्हर्जिनियातल्या एका शेतकरी कृष्णवर्णीय घरात. आजूबाजूला तंबाखूची शेती. वर्गात पहिली आल्यामुळे शिष्यवृत्ती मिळाली, गणितात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण झालं. १९५६ मध्ये डाहलग्रेन इथल्या नौदलाच्या केंद्रात त्या रुजू झाल्या. तिथे नेमलेल्या त्या दुसऱ्याच कृष्णवर्णीय स्त्री. १९९८ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, त्या तिथेच होत्या. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची उपग्रहावरून रडारने मोजणाऱ्या सीसॅट (१९७८) या मोहिमेच्या माहितीवरच्या प्रकल्पाच्या त्या प्रमुख होत्या. पुढे जिओसॅट या उपग्रहाची माहिती कशी प्रक्रिया करायची याचं तपशीलवार तांत्रिक पुस्तक त्यांनी १९८६ मध्ये लिहिलं. निवृत्तीनंतर पक्षाघातातून सावरत त्यांनी डॉक्टरेटही घेतली. जगाला त्यांचं नाव कळलं ते थेट २०१८ मध्ये, महिला पदवीधरांच्या एका संघटनेसाठी त्यांनी स्वतःची छोटी ओळख लिहून दिली त्यातून.

रडार उंचीमापनाचं गणित मुलांसमोर असं मांडलं गेलं. उपग्रह साधारण ८०० किलोमीटरवर. तो खाली लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते. जाऊन-येऊन १६०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. १० सेंटिमीटरची चूक टाळायची तर वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही बारीक मोजावी लागते. मग भरती-ओहोटी, लाटा, हवेतली वाफ, आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) या प्रत्येकाची दुरुस्ती वजा करायची. शेवटी उरतं ते समुद्राचं शांत रूप. ते सपाट नसतं. समुद्रतळाशी डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पाणी वर मीटर-दोन मीटर फुगतं, खोल दरी असेल तर बसतं. गुरुत्वाकर्षणाने ठरवलेल्या या पातळीला जिऑइड म्हणतात. जमिनीखालून जणू कालवे खणून समुद्र आत आणला, तर तो जिथे थांबेल ती साताऱ्याखालची जिऑइड पातळी. आपण ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतो ते याच पातळीपासून.

स्टेशनवरचं मापन

वेस्ट यांचं काम डोळ्यांनी दाखवता येईल का? तात्यांनी सुचवलं, रेल्वे स्टेशनचा पिवळा फलक. स्टेशनच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती मोबाइलशी ताडून पाहा.

स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन सकाळी एक गट तीन मोबाइल घेऊन गेला. दोन अँड्रॉइड, एक आयफोन. अँड्रॉइडवर जीपीएसटेस्ट हे ॲप. पहिल्या दिवशी मुलं फलाटाच्या पत्र्याखाली उभी राहिली. आकडे वीस-तीस मीटरने खालीवर नाचत राहिले. पत्र्यावरून आणि गाडीच्या डब्यांवरून संदेश परावर्तित होऊन येतो, लांबून आलेला म्हणून मोजला जातो, आणि चूक सर्वांत जास्त उंचीत दिसते. कारण साधं आहे: सगळे उपग्रह डोक्यावरच्या बाजूलाच असतात, पायाखालून एकही नसतो. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड ते तीनपट राहते.

दुसऱ्या दिवशी फलाटाच्या उघड्या टोकाला, गाडी नसताना, मोबाइल चालू करून पंधरा मिनिटं नुसतं थांबले. मग मिनिटाला एक अशा दहा नोंदी, आणि सरासरीऐवजी मधला आकडा घेतला, म्हणजे एखादी भरकटलेली नोंद सगळं ओढून नेणार नाही. आता प्रत्येक मोबाइल स्थिर होता. पण एका अँड्रॉइडचा आकडा फलकापेक्षा साठ-सत्तर मीटरने कमी येत होता आणि आयफोनचा फलकाच्या आसपास. “मॅडम, ह्याच्या फोनवर वेगळंच येतंय. बिघडलाय का?”

इथे दोन चुका होण्याच्या बेतात होत्या. एका मुलाने दोन्ही मोबाइलची सरासरी काढली आणि फलकापेक्षा तीसेक मीटर कमी असा एक आकडा लिहिला. हा आकडा कशाचीच उंची नाही. मॅडमनी तो खोडायला लावला आणि वहीत दोन वेगळे रकाने केले. दुसरी चूक म्हणजे कमी आकडा दाखवणारा मोबाइल बाजूला ठेवणं. तसं झालं असतं तर प्रयोगाचा गाभाच गेला असता.

दोन्ही मोबाइल बरोबर होते. जीपीएस मूळ उंची मोजतं ती डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या गुळगुळीत, थोड्या चपट्या लंबगोलापासून. त्याची विषुववृत्ताकडची त्रिज्या ६३७८१३७ मीटर आणि चपटेपणा साधारण २९८.२५७ भागांत एक. अँड्रॉइडची जुनी रीत हीच उंची थेट देते. आयफोन त्यात जिऑइडची दुरुस्ती करून समुद्रसपाटीची उंची देतो. संबंध एका ओळीत बसतो:

लंबगोलावरची उंची = समुद्रसपाटीपासूनची उंची + जिऑइडची उंची.

आपल्याकडे शेवटचं पद ऋण आहे, कारण भारतात जिऑइड लंबगोलाच्या खाली आहे. समजा फलकावर ६५० मीटर आहेत आणि जिऑइड −६७ मीटर, तर अँड्रॉइडवर ५८३ दिसणार. ॲपमध्ये मोबाइलच्या चिपकडून येणाऱ्या कच्च्या ओळी वाचता येतात. ‘जीजीए’ प्रकारच्या ओळीत समुद्रसपाटीची उंची आणि तिच्यानंतर जिऑइडचा आकडा असतो. मुलींनी तो ऋण आकडा स्वतः शोधून काढला. फलकावरचा आकडा रुळाचा की फलाटाचा, हा मीटरभराचा प्रश्न मोबाइलच्या चुकीत बुडून जातो. साठ-सत्तर मीटर मात्र कुठेच बुडत नाहीत.

हा आकडा भारतात इतका मोठा का, तर श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइडचा जगातला सर्वांत खोल खड्डा आहे, सुमारे १०६ मीटरचा. त्याचा उतार महाराष्ट्रापर्यंत पोचतो. हा खड्डा का पडला याचं एक स्पष्टीकरण बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अत्रेयी घोष आणि देबंजन पाल यांनी २०२३ मध्ये पृथ्वीच्या आतल्या हालचालींच्या संगणकी प्रतिकृतीतून मांडलं. घोष भूभौतिकशास्त्रज्ञ आहेत. मुलींच्या आग्रहाने हे नाव भिंतीवर आलं, त्यांच्या खऱ्या विषयासह.

फलकाचा नवा मसुदा

वेस्ट यांच्या कार्डावर मुलांनी पहिल्यांदा लिहिलं, ‘त्या नसत्या तर मोबाइलने आपल्याला दुसऱ्याच गल्लीत नेलं असतं.’ वाचायला छान, पण हेही चूक होतं, आणि ही चूक पकडणं या प्रकरणातला सर्वांत अवघड टप्पा होता. साताऱ्याच्या बसस्थानकावरून राजवाड्याकडे जाताना मोबाइल अक्षांश-रेखांश वापरतो. त्यात जिऑइडचे बारीक चढउतार येत नाहीत. गुरुत्वाकर्षणाचं गणित दोन ठिकाणी लागतं. उपग्रह पुढच्या काही तासांत कुठे असेल हे आधी सांगण्यासाठी पृथ्वीच्या ओढीचं मोठं, ढोबळ रूप नीट माहीत असावं लागतं. २०२०० किलोमीटरवर बारीक खाचखळगे विरून जातात, ढोबळ रूप मात्र जाणवतं. दुसरं ठिकाण उंची. कालव्याचा उतार, उपसा जलसिंचनाच्या पाइपचा चढ, कृष्णेची पूररेषा, विमानतळ, अशा जिथे पाणी कुठे वाहील किंवा जमीन किती खाली आहे हा प्रश्न असतो, तिथे लंबगोलावरची उंची समुद्रसपाटीत बदलावीच लागते.

वेस्ट यांचं काम मुख्यतः पृथ्वीच्या या रूपाचं होतं, तेही एका मोठ्या गटात. शेवटचं कार्ड असं झालं: ‘समुद्राची उंची उपग्रहावरून मोजलेल्या लाखो नोंदी संगणकावर शुद्ध करून पृथ्वीच्या जिऑइडचं गणित मांडणाऱ्यांपैकी एक. १९५६ ते १९९८, डाहलग्रेन. मोबाइलची उंची फलकाशी जुळते ती या प्रकारच्या गणितामुळे.’

जिऑइडचं चित्र काढायचं कसं, हाही प्रश्न आला. सगळीकडे दिसणारं बटाट्यासारखं वेडंवाकडं चित्र हजारो पटींनी फुगवलेलं असतं. मुलांनी एक मीटर व्यासाचं वर्तुळ काढून हिशेब केला. ध्रुवाकडचा चपटेपणा त्यावर दोन्ही ध्रुवांचा मिळून ३.३५ मिलिमीटर येतो, पेन्सिलीच्या रेषेच्या काही पट. आणि १०६ मीटरचा तो खड्डा? ०.००८ मिलिमीटर. म्हणून त्यांनी जिऑइड काढलाच नाही. वर्तुळाशेजारी फक्त हा आकडा लिहिला.

निष्पत्ती

३ जानेवारीला भिंतीवर चार नावं होती: मेरी एडवर्ड्‌स, आयरीन फिशर, ग्लॅडिस वेस्ट, अत्रेयी घोष. लमारचं कार्ड वेगळ्या टेबलावर. शेजारी स्टेशनच्या नोंदींची वही, दोन रकान्यांसह. पाहुणे भिंतीपेक्षा वहीपाशी जास्त वेळ थांबले.

सर्वांत कामाचा प्रश्न एका शेतकऱ्याने विचारला: विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाइप टाकायचाय, मग मोबाइलवरून चढ काढता येईल का? दोन मुलींनी न अडखळता नाही म्हटलं. मोबाइलची उंची दहा मीटरपर्यंत चुकू शकते आणि त्यांना हवा तो चढच तेवढा असेल. मोबाइल एकच असेल तर जिऑइडचा फरक दोन्ही टोकांना जवळपास सारखा, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. खरी अडचण मोबाइलच्या स्वतःच्या चुकीची. जवळच्या अंतराला गवंड्याची पाण्याची नळी, लांबच्याला भूमापकाची लेव्हल. आणि एका टोकाचा आकडा जुन्या सरकारी नकाशावरून, दुसऱ्याचा मोबाइलवरून, असं तर अजिबात करू नका, साठ-सत्तर मीटरचा पंप उगाच जास्त किंवा कमी घ्याल. हे शेवटचं तात्यांनी जोडलं.

न सुटलेलं एक राहिलं. पहिल्या फ्लेक्सचा फोटो आधीच पालकांच्या गटात गेला होता आणि तो अजून फिरतो आहे. ‘शोध लावणारी’ ही ओळ त्यात तशीच आहे. शाळेने नव्या भिंतीचा फोटोही टाकला, पण तो तितका पुढे गेला नाही. विज्ञानाच्या सरांचं मत अजूनही असं, की लहान मुलांना एवढे बारकावे झेपत नाहीत. आमचं मत वेगळं आहे, आणि पाइपच्या प्रश्नाला मुलींनी दिलेलं उत्तर हा त्याचा आधार.

पुन्हा करायचं झालं तर

छपाई सर्वांत शेवटी. आधी कार्ड, मग तपासणी, आणि फोटो गटात टाकायचा तो तपासणीनंतरच. गावात निवृत्त भूमापक, पाटबंधाऱ्याचे अभियंते, सर्वेक्षणात काम केलेली माणसं असतात. त्यांना मसुद्याच्या पातळीवरच बोलवावं, आक्षेप येण्याची वाट पाहू नये.

स्टेशनवर जाण्याआधी प्रत्येक मोबाइल कोणती उंची दाखवतो ते शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत समुद्रसपाटीची उंचीही मिळते, त्यामुळे दोन अँड्रॉइडही एकमेकांशी जुळतीलच असं नाही. काही मोबाइलमध्ये वायुदाबमापक असतो आणि तोही उंचीत हात घालतो, म्हणून ॲपमधून फक्त उपग्रहाचा आकडा घ्यावा. चिपमधला जिऑइडचा तक्ता ठोकळ असतो, काही मीटर चुकतो. फलकाशी तंतोतंत जुळण्याची अपेक्षा मुलांना आधीच सोडायला सांगावी.

मेरी एडवर्ड्‌सच्या पद्धतीचा एक प्रयोग राहून गेला. एकच तक्ता दोन मुलींनी स्वतंत्रपणे काढायचा, तिसरीने फक्त ताडायचा, आणि चुका कुठे पडतात त्याची नोंद ठेवायची. पुढच्या वर्षी २२ डिसेंबरपासून रोज चंद्राचं एखाद्या ठळक ताऱ्यापासूनचं अंतर हाताने बनवलेल्या कोनमापकाने मोजून या तक्त्याशी जोडायचं असं ठरलं आहे. अमावास्येच्या मागच्या-पुढच्या दोन-तीन दिवसांत चंद्र दिसणार नाही, तेवढ्या जागा वहीत रिकाम्या सोडायच्या.